रोटॅक्स ९१२ यूएलएस, झेनिथ सीएच ७५० वर: नऊ महिने आणि ११८ तासांनंतर

विमान झेनिथ एसटीओएल (म्हणजे आखूड जागेतून उडणारं-उतरणारं) सीएच ७५०, किटवरून बांधलेलं, दोन जागांचं. ठिकाण अमेरिकेतलं इलिनॉय, म्हणजे जानेवारीत उणे १५ आणि जुलैत ३५ अंश, दोन्ही टोकं बघून झाली. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, कोरं. प्रॉपेलर तीन पात्यांचा, जमिनीवर कोन बदलता येणारा.

निकाल आधीच सांगून टाकतो. इंजिनाबद्दल तक्रार जवळजवळ नाही. ११८ तासांत डोकं खाल्लं ते त्याला जोडलेल्या नळ्यांनी, रेडिएटरनी, तारांनी आणि केबलनी, आणि हे सगळं लावणारे आपणच असतो. त्यामुळे अश्वशक्ती आणि किमतीचे आकडे समोरासमोर मांडून इंजिन निवडणाऱ्यांनी आणखी एक रकाना आखावा: फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढे एकूण किती गोष्टी बसवाव्या लागणार आणि त्या दर वर्षी हाताला लागणार का.

या विमानाला पर्याय बरेच आहेत. ऑस्ट्रेलियाचं जबिरू ३३०० सहा सिलिंडरचं, १२० अश्वशक्तीचं, पूर्ण हवेवर थंड होणारं. ना गिअरबॉक्स ना रेडिएटर, बसवायला सगळ्यात सुटसुटीत. मात्र थ्रू-बोल्ट, म्हणजे इंजिन आरपार आवळून धरणारे लांब बोल्ट, तुटण्याच्या घटनांमुळे ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा यंत्रणेने २०१४ मध्ये जबिरूच्या इंजिनांवर बंधनं घातली होती. त्यानंतर रचना सुधारली, तरी जुनं इंजिन घेताना बोल्ट कोणत्या पिढीचे आहेत हे नोंदवहीत बघितल्याशिवाय पैसे काढू नका. कॉन्टिनेंटल ओ-२०० हा शंभर अश्वशक्तीचा जुना, खात्रीचा गडी. कुठल्याही मेकॅनिकला कळतो, पण सगळ्या सामानासकट नव्वद किलोच्या पुढे जातो. जुन्या शेव्हरोले कॉर्व्हेअर मोटारीचं इंजिन स्वस्तात पडतं, आवाज झकास, पण क्रँकशाफ्टला पुढे जादा बेअरिंग बसवल्याशिवाय ते उडवू नये. मूळ क्रँक प्रॉपेलरचा ताण सोसायला बनलेलाच नव्हता आणि तडकल्याची उदाहरणं आहेत.

रोटॅक्सचं नुसतं इंजिन ५७ किलोच्या आत. एक्झॉस्ट, दोन रेडिएटर, तेलाची टाकी, तीन लिटर तेल आणि कूलंट धरलं की काटा सत्तरच्या घरात जातो. जाहिरातीतलं वजन आणि बसवलेलं वजन यांत एवढा फरक पडतो, आणि द्रवावर थंड होणाऱ्या कुठल्याही इंजिनाला तो पडणारच. तरीही ओ-२०० च्या मानाने नाक वीसेक किलोने हलकं राहतं, म्हणून बॅटरी पुढे फायरवॉलवर ठेवता आली. जड इंजिन लावणाऱ्यांना हीच बॅटरी मागे न्यावी लागते आणि स्टार्टरची जाड केबल लांबते.

आता इंजिनाची जात. १३५२ सीसी, चार सिलिंडर, मिनिटाला ५८०० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती. ती फक्त पाच मिनिटं, सलग चालवायला ५५०० हीच मर्यादा. मोटारीची सवय असलेल्या कानाला ५००० वर तासभर चाललेलं इंजिन सुरुवातीला कसंसंच वाटतं. पण २.४३ चा गिअरबॉक्स मध्ये आहे, प्रॉपेलर तेव्हा २०५० च्या आसपासच फिरत असतो. उलट चूक होते ती कमी फेऱ्यांवर ताण देण्यात. पूर्ण थ्रॉटल आणि फेऱ्या ५२०० च्या खाली, ही अवस्था टाळायची असं कंपनीच सांगते. पात्यांचा कोन जास्त ठेवला की नेमकं तेच होतं. आमच्या पात्यांचा कोन आधी जास्तच होता. पूर्ण थ्रॉटलला जमिनीवर ४९५० मिळत होत्या. तीनही पाती सुमारे दीड अंशाने कमी केली, ५२५० आल्या आणि सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला ५७००. एका अंशाला साधारण २०० फेऱ्या हे गणित धरून चालायला हरकत नाही. तिन्ही पात्यांत पाव अंशाहून जास्त फरक राहिला तर थरथर लगेच जाणवते. ती थरथर इंजिनाच्या नावावर खपवू नका.

तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. हे ड्राय सम्प इंजिन आहे. तेल वेगळ्या टाकीत राहतं, पंप ते ओढून घेतो आणि काम झालेलं तेल क्रँककेसमध्ये झिरपलेल्या वायूच्या दाबानेच टाकीकडे परत ढकललं जातं. परतीचा पंपच नाही. म्हणून इंजिन बंद पडून उभं असताना टाकीत काडी बुडवली तर पातळी खोटी दिसते. आधी दोन्ही इग्निशन बंद, किल्ली खिशात, टाकीचं झाकण उघडं. मग प्रॉपेलर हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवत राहायचं. प्रत्येक कॉम्प्रेशनवर क्षणभर थांबायचं, म्हणजे दाब झिरपायला वेळ मिळतो. गरम इंजिनाला दहाबारा फेऱ्या पुरतात, थंडीत तीसही लागतात. मग टाकीतून गुरगुर ऐकू येते, भरल्या पोटी ढेकर द्यावा तशी. ती आली की काडी बघायची. उलट दिशेने फिरवायचं नाही, त्याने हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हवा शिरते.

याच रचनेतला दुसरा सापळा ओढणाऱ्या नळीचा. टाकीपासून पंपापर्यंतच्या या नळीचा क्लॅम्प सैल असेल तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली ठिपका नाही म्हणून सगळं ठीक समजावं आणि सुरू केल्यावर प्रेशरचा काटा फडफडावा. सुरू केल्यापासून दहा सेकंदांत प्रेशर आलंच पाहिजे, नाही आलं तर बंद. नळी एकदा जरी काढली तरी तेलाची यंत्रणा पुन्हा भरून, हवा काढूनच इंजिन चालवायचं. ही पायरी गाळली तर व्हॉल्व्हच्या बाजूचं नुकसान पुढच्या पन्नास तासांत दिसतं, लगेच नाही, म्हणून लोक ती गाळतात.

तेलाचं तापमान ९० ते ११० अंश हवं. उन्हाळ्यात प्रश्न नव्हता, हिवाळ्यात होता. उणे दहाला पूर्ण उड्डाण करूनही ७५ च्या वर काटा जाईना. अशाने तेलात पाणी साठतं, झाकणाच्या आतून पिवळट साय दिसते. तेलाच्या रेडिएटरवर अॅल्युमिनियम टेपची पट्टी, निम्म्याहून थोडी कमी, एवढाच उपाय केला आणि ९५ मिळाले. तेलाचा थर्मोस्टॅट आधीच बसवला असता तर पट्ट्या चिकटवत बसावं लागलं नसतं.

कूलंटचा अनुभव उलटा. मर्यादा १२० ची. जुलैत, दोघं बसून, नाक वर करून ताशी ५५ मैलांनी चढलं की काटा ११४ वर. सीएच ७५० हे विमानच हळू आणि उभं चढण्यासाठी आहे, त्यामुळे रेडिएटरला वारा मिळत नाही. मोठा रेडिएटर मागवण्याआधी रेडिएटर आणि काऊल (इंजिनावरचं आवरण) यांच्यामधली फट बघा. आमच्याकडे दोन्ही बाजूंना बोटभर फट होती. हवा शहाणी असते, जाळीतून न जाता फटीतून पळते. सिलिकॉन रबराच्या पट्टीने फट बुजवली, ११४ चे १०६ झाले. मग ताशी ६५ ला चढायची सवय लावून घेतली, काटा शंभरीत.

कार्ब्युरेटर दोन, बिंगचे. डावीकडचे दोन सिलिंडर एकावर, उजवीकडचे दुसऱ्यावर, त्यामुळे दोघांचं सूर जुळणं हे या इंजिनाचं खरं मर्म. आधी केबल: थ्रॉटल बंद केल्यावर दोन्ही लिव्हर एकाच क्षणी थांब्याला टेकले पाहिजेत, कागदाचा कपटा अडकवून बघा. मग दोन्ही बाजूंना जोडणारी नळी सोडून व्हॅक्यूम गेज लावायचे आणि आधी आयडलला, मग २५०० च्या आसपास काटे जुळवायचे. जुळणी बिघडली की खालच्या फेऱ्यांना विमान हलतं आणि गिअरबॉक्स खडखडतो. पहिल्या २५ तासांना ही जुळणी हमखास बिघडलेली सापडते, कारण नव्या केबल बसतात. आयडल १४०० पर्यंत चालतो असं पुस्तक म्हणतं, आम्ही १८०० ठेवतो. गिअरचा खडखडाट तिथे थांबतो.

कार्ब्युरेटरचे तरंगे पेट्रोल शोषून जड होतात ही या इंजिनाची जगजाहीर गोष्ट, कंपनीने त्यावर बुलेटिनंही काढली आहेत. एका कार्ब्युरेटरचे दोन तरंगे मिळून सात ग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. सोनाराचा छोटा डिजिटल काटा ठेवा. लक्षणं: खालच्या ट्रेमध्ये पेट्रोल, एकाच बाजूचे प्लग काळे, खालच्या फेऱ्यांना अडखळणं. वाटी खाली काढायला पाच मिनिटं लागतात.

आणखी एक, जे मोटारीच्या विरुद्ध आहे: थ्रॉटलची केबल तुटली तर इथल्या स्प्रिंगा कार्ब्युरेटर पूर्ण उघडतात. आकाशात ते बरंच. पण त्याच स्प्रिंगा रोज थ्रॉटलची मूठ पुढे ओढत राहतात. घर्षण-लॉक नसलेली मूठ लावू नका. थंडीत सुरू करतानाही लक्षात ठेवा, चोक फक्त थ्रॉटल पूर्ण बंद असतानाच काम करतो. मोटरसायकलसारखी मूठ थोडी पिळली की चोक निकामी आणि बॅटरी बसते. आणि बॅटरी अर्धवट असेल तर हट्ट करू नका. क्रँक २२० फेऱ्यांच्या वर फिरल्याशिवाय इग्निशन ठिणगीच देत नाही, आणि काठावर फिरवलं तर इंजिन उलटा झटका देतं. तो झटका स्टार्टरच्या स्प्रॅग क्लचला (एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचला) बसतो आणि तो बदलणं महाग.

बिघाड म्हणावा असा एकच झाला, विजेचा. रेग्युलेटर फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला, एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर लावला होता. ६४ व्या तासाला व्होल्टेज १३.९ वरून १२.३ वर. तो भाग ८० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही हे पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, चूक बसवणाऱ्याची. नवा रेग्युलेटर केबिनच्या बाजूला गेला, अर्थिंगची जागा घासून स्वच्छ केली. तेव्हापासून हूं की चूं नाही.

खर्च: सपाट उड्डाणात ५००० फेऱ्यांना तासाला १७ ते १८ लिटर, चढताना २५ च्या पुढे. तेल १०० तासांनी, पहिलं मात्र २५ ला. त्याच वेळी फिल्टर कापून आणि चुंबकी प्लग काढून बघायचा. प्लगवर थोडी काळी मिशी चालते, चमकणारे तुकडे चालत नाहीत. स्पार्क प्लग थंड इंजिनावर, आट्यांना उष्णतावाहक पेस्ट लावून, १६ न्यूटन-मीटर. इंजिनाचं आयुष्य २००० तास किंवा १५ वर्षं. पण दर पाच वर्षांनी सगळं रबर बदलायचं: नळ्या, कार्ब्युरेटरचे सॉकेट, पडदे, पेट्रोल पंप. हा खर्च किंमत काढताना कुणी धरत नाही. बांधतानाच प्रत्येक क्लॅम्पच्या स्क्रूचं तोंड स्क्रूड्रायव्हर पोहोचेल असं ठेवा, पाच वर्षांनी स्वतःलाच दुवा द्याल.

पेट्रोल. यूएलएसला ९५ रॉनचं (रॉन हे ऑक्टेनचं एक माप), म्हणजे अमेरिकेतल्या वेगळ्या मापाने पंपावरचं ९१ किंवा ९३ लागतं. शिसं असलेलं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, चालतं, पण सतत तेच वापरलं तर तेलाच्या टाकीच्या तळाशी राखाडी गाळ बसतो आणि तेल बदलण्याचं अंतर निम्मं करावं लागतं. इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत मान्य आहे. तपासायचं असेल तर मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, हलवून पाच मिनिटं ठेवा. पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. १८-१९ वर गेली तर दहा टक्के.

भारतात बांधायचा विचार करणाऱ्यांनी ही परीक्षा सगळ्यात आधी करावी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात पाण्याची रेघ २५ च्या वर जाईल, आणि ते या इंजिनाच्या मर्यादेच्या दुप्पट आहे. उरतं एव्हगॅस. इंडियन ऑइल ते २०२२ पासून वडोदऱ्याला बनवतं, पण ते मोजक्याच विमानतळांवर मिळतं. धावपट्टीवर ड्रम कुठून येणार याचा पत्ता लागल्यावरच इंजिनाची ऑर्डर द्या, आणि तेल ५० तासांनी बदलायच्या हिशेबाने.