वर्गात शिकवायचं की बीटवर? सामुदायिक पोलिसिंगचं प्रशिक्षण निवडताना

सामुदायिक पोलिसिंग म्हणजे वस्तीतल्या लोकांशी ओळख आणि विश्वास जोडून, त्यांच्या साथीने केलेलं पोलिसांचं काम. ते शिकवायला पैसे एकाच गोष्टीपुरते असतात आणि प्रस्ताव दोन येतात. एक, सगळ्या पोलीस अंमलदारांना आठवडाभर वर्गात बसवा. दुसरा, मोजक्यांना अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली काही महिने बीटवर, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या नेमून दिलेल्या भागात, फिरवा.

वर्ग लवकर उरकतो, सगळ्यांना सारखंच शिकवता येतं आणि हजेरीपट वरिष्ठांपुढे ठेवता येतो. तो अगदीच वाया जातो, असंही नाही. अमेरिकेतल्या टूसॉन, ह्यूस्टन आणि केंब्रिज या शहरांतल्या जास्त गुन्ह्यांच्या १२० ठिकाणी एक प्रयोग झाला. निम्म्या ठिकाणच्या अंमलदारांना ४० तास शिकवलं: समोरच्याचं ऐकून घ्या, कारवाईचं कारण सांगा, मान राखून बोला. २०२२ साली निष्कर्ष आले. प्रशिक्षितांनी केलेल्या अटका इतरांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक प्रमाणात कमी होत्या आणि तरीही त्यांच्या ठिकाणी गुन्हे सुमारे १४ टक्क्यांनी कमी घडले. मात्र प्रयोगात अंमलदार होते अवघे २८, आणि त्यांना नेमून दिलेल्या ठिकाणीच ठेवलं होतं. वर्ग संपला की ज्याला बंदोबस्ताला पाठवतात, त्याच्याकडून हीच अपेक्षा धरू नये.

बीटवरच्या प्रशिक्षणात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वस्तीची वही. अमेरिकेतल्या रीनोपासून सुरू झालेल्या पद्धतीत नवा अंमलदार आपल्या भागाची माहिती स्वतः गोळा करून मांडतो. कुठल्या गल्लीतले दिवे बंद असतात, भांडण झालं की लोक आधी कुणाकडे धावतात, कुठल्या घरातून तक्रार कधीच येत नाही. शेवटचा प्रश्न व्याख्यानातून सुचत नाही. खर्च मात्र मोठा: मार्गदर्शक नेहमीच्या कामातून सोडवावा लागतो. आणि तोच ‘वर्गातलं विसर, इथे असंच चालतं’ म्हणणारा निघाला, तर सगळंच मुसळ केरात.

मूल्यमापनात नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. विश्वास वाढला की पूर्वी गप्प बसणारे लोक तक्रार द्यायला येतात, मग आकडा चढतो आणि चांगला उपक्रम नापास होतो. लोकांची पाहणी त्याहून बरी, पण कधी केली हे बघा. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात गणवेशातले पोलीस नुसते घरोघरी बोलायला गेले, तर २१ दिवसांनंतरही लोकांचं मत सुधारलेलं दिसलं. वर्षभरानंतर काय, हे त्यातून कळत नाही. म्हणून पाहणी सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने करावी, आणि उपक्रम नसलेल्या बीटवरही तीच करावी. हे दोन्ही प्रस्तावांना लागू.

सामुदायिक पोलिसिंगच्या सहा देशांतल्या प्रयोगांचा निकाल २०२१ मध्ये आला तेव्हा विश्वासही वाढलेला दिसला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. अभ्यासकांनी दिलेल्या कारणांत अधिकाऱ्यांच्या बदल्या होत्या, आणि लोकांनी मांडलेल्या अडचणी सोडवायला साधनं नसणंही.

माझा कौल यावरूनच ठरतो. अंमलदार किमान दोन वर्षं एकाच बीटवर राहील अशी लेखी हमी मिळत असेल, तर बीटवरचं प्रशिक्षण घ्या, मग माणसं कमी शिकली तरी चालेल. हमी नसेल तर वर्ग घ्या: वही वस्तीतच राहते, बोलण्याची रीत मात्र बदलीच्या ठिकाणीही सोबत जाते.