पुणे–नागपूर विमानप्रवास : ॲपमधली ४५ मिनिटे आणि माझ्या वहीतले पाच तास

गेल्या आठ महिन्यांत मी पुणे–नागपूर मार्गावर जाऊन-येऊन बावीस वेळा विमानात बसलो आणि प्रत्येक फेरीच्या वेळा एका वहीत लिहीत आलो. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) हे हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेग धरून फोनवरचे ॲप ‘४५ मिनिटे’ असे उत्तर देते. गणितात खोट नाही, पण त्या आकड्याच्या भरवशावर पहिल्याच महिन्यात माझी नागपुरातली अकराची बैठक हुकली.

वेळापत्रकात छापलेला सव्वा ते दीड तासाचा अवधी हा विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, रांगेतली प्रतीक्षा, चढण आणि उतरण हे सारे त्यात येते. पूर्ण वेग मिळतो तो वर गेल्यावरच, आणि एवढ्याशा टप्प्यात चहाचा कप रिकामा होतो न होतो तोच इंजिनांचा आवाज मंदावून विमान उतरू लागते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. त्यामुळे जानेवारीत नागपूरला जाताना लागलेल्या वेळेपेक्षा परतीला दहा-बारा मिनिटे जास्त गेल्याची नोंद वहीत वारंवार आहे.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. कोथरूडहून लोहगावला संध्याकाळी सव्वा तास सहज लागतो. चेक-इन सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, म्हणून मी दीड तास हाताशी ठेवतो. नागपुरात मात्र वर्धा रोडवर मेट्रो मिळते, तेव्हा तिथे तक्रारीला जागा नाही. दारापासून दारापर्यंतची माझी सरासरी पाच तासांच्या आसपास भरते. परतताना बहिणीने सावजी मसाल्याचे पुडे बांधून दिले, की ते हातातल्या बॅगेत चालत नसल्यामुळे पुण्यात सामानाच्या पट्ट्यासमोर आणखी वीस मिनिटे जातात.

तरीही विमानच परवडते, वेळेच्या हिशेबाने. रेल्वे दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा घेते, त्यामुळे तिचे अंतर ८८१ किलोमीटर भरते आणि वंदे भारतलाही सुमारे बारा तास लागतात. सकाळच्या बैठकीसाठी आता मी आदल्या संध्याकाळचेच तिकीट काढतो आणि रात्री धरमपेठेत बहिणीकडे उतरतो.