सावधा… सावधा… : डिस्क प्लेअर घ्यावा की टीव्हीला मिनी पीसी जोडावा?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी घराबाहेर पडवत नाही. पंखा पाचवर, खिडकीला ओली चादर, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "लग्नाची डिस्क लाव की." आमच्याकडे ती लावली की तिसऱ्या मंगलाष्टकाला चित्राचे चौकोन होतात आणि भटजी "सावधा… सावधा…" वर अडकतात. 'न' काही येत नाही. नवीन काय घ्यायचं, साधा प्लेअर की मिनी पीसी म्हणजे टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, हा विषय तिथून निघाला.

नवी पेठेतल्या दुकानांत चौकशीला जाण्याआधी कपाट उघडा. डिस्क उलटी करून उजेडात धरा. खालची बाजू चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली, दुकानातून घेतलेली. निळसर-जांभळी झाक असेल तर ती बहुधा स्टुडिओवाल्यानं रेकॉर्ड करून दिलेली. छापलेल्या डिस्कमध्ये माहितीचे खळगे प्लॅस्टिकमध्येच असतात, ती नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालते. रेकॉर्ड केलेलीत रंगाचा थर असतो आणि तो ऊन, उष्णता, दमटपणानं उतरतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली लग्नाची डीव्हीडी म्हणूनच रुसते. वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर आणखी वाईट. कडा सुटली की डिस्क फिरताना डगमगते.

तुमच्याकडे फक्त दुकानातल्या डिस्क असतील, तर सरळ प्लेअर घ्या. बटण दाबलं, ट्रे बाहेर आला, डिस्क ठेवली, संपलं. आईला, आजीला नवीन काही शिकवावं लागत नाही. लाइट गेली आणि आली तरी प्लेअर बिघडत नाही. मेमरी कार्डावर चालणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरचं तसं नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डावरच्या फायली खराब होऊ शकतात. इन्व्हर्टर नसेल तर हे मनात धरा.

प्लेअर घेताना मागची बाजू बघा. जुन्याला नुसत्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतात आणि नव्या टीव्हीला त्या लावायला जागाच नसते, असं होतं. एचडीएमआय असलेलाच घ्या. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्ल्यू-रे डिस्कचा प्लेअर डीव्हीडी चालवतो, पण व्हीसीडी चालवेलच असं नाही. आणि व्हीसीडीचा गठ्ठा आपल्याकडे घरोघरी आहे. मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी विकली तेव्हा मराठी काय, सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्वभागात तेलुगू काय, पिशव्या भरून सिनेमे घरात आले. मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच. चित्रच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. चांगला प्लेअर ते ताणून बरं करतो, नवीन तपशील आणू शकत नाही.

डीव्हीडीला आणि प्लेअरला देशांच्या गटाप्रमाणे रिजनचा क्रमांक असतो, तो जुळला नाही तर डिस्क लागत नाही. अमेरिकेतल्या भाच्यानं डीव्हीडी आणली असेल तर ती रिजन १ ची, आपला प्लेअर रिजन ५ चा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रिजन बदलता येतो, पण साधारण पाचच वेळा, मग तो कायमचा अडकतो. उगाच खेळू नका.

ब्ल्यू-रे आणि फोर-के डिस्कसाठी मी कॉम्प्युटरचं नाव काढणार नाही. त्यांच्यावर नकलेविरुद्ध कुलूप असतं, आणि ते रीतसर उघडायला पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. फोर-के डिस्कला लागणारी एसजीएक्स नावाची प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय तर इंटेलनं ११ व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढूनच टाकली. त्यामुळे नवा महाग पीसी इथे जुन्यापेक्षा मागे. पण प्लेअरही आता कमी होत चाललेत: ओप्पोनं २०१८ मध्ये, सॅमसंगनं २०१९ मध्ये हा धंदा सोडला. घ्यायचा तर लांबणीवर टाकू नका.

मिनी पीसीची खरी गरज मला पडली ती जांभळ्या डिस्कसाठी. टीव्हीमागे चिकटवण्याएवढा डबा, यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह, आणि टीव्हीवर व्हिडिओ लावणारं कोडी हे मोफत सॉफ्टवेअर. रास्पबेरी पायवर कोडी टाकलं तर बऱ्याचदा टीव्हीच्याच रिमोटवर चालतं. मिनी पीसीला वेगळा रिमोट किंवा छोटा कीबोर्ड लागतो. शिकायला एक रविवार जातो, हे मान्य करून टाका. घरच्या डिस्कवर कुलूप नसतं, ती सरळ उतरवून घेता येते. एक भरलेली साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर दोनशेच्या आसपास बसतात.

खराब डिस्कमधली माहिती वाचवायला लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरची डीडीरेस्क्यू ही कमांड वापरा. ती आधी चांगला भाग उचलते, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाते. त्याआधी मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून भागत असेल तर हे काहीच घेऊ नका. फक्त फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आमच्या डिस्कनं दोन रात्री घेतल्या आणि तरी मंगलाष्टकाचा तुकडा आला नाही. मग मामांकडची दुसरी प्रत आणली, लोखंडी पेटीत साड्यांखाली राहिलेली. तिच्यातला तो भाग स्वच्छ वाचला गेला. आता "सावधान" पूर्ण होतं आणि अक्षताही पडतात. प्लेअर मात्र मी काढलेला नाही, आई अजून सिनेमा त्याच्यावरच लावते.