धुऊन टिकणारा विद्युतवाहक धागा : चांदी, स्टील की तांबे?

कपड्यात सर्किट विणायचे ठरले की धाग्याची निवड बहुतेक वेळा कोऱ्या धाग्याच्या रोधावरून, म्हणजे तो विजेच्या प्रवाहाला किती अडवतो यावरून, केली जाते. तो आकडा जरूर पाहावा, पण निर्णय मात्र तोच धागा कापडात शिवून, अनेकदा धुऊन पुन्हा मोजल्यावरच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा मऊ असतो, शिलाई मशीनवर बऱ्यापैकी चालतो आणि त्याचा रोधही कमी असतो. त्याची दुखरी बाजू मुलामाच आहे. नायलॉन ताणला जातो, धातूचा पातळ थर तितका ताणला जात नाही; म्हणून धुताना पिळले-घासले गेल्यावर थराला भेगा पडतात, आणि भिंगाखाली चकाकत्या चांदीमधून उघड्या नायलॉनचे फिके पट्टे दिसू लागतात. क्लोरीनच्या ब्लीचने चांदी आणखी लवकर खराब होते.

स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा धागा आरपार धातूचाच असल्याने त्यात सोलून निघण्यासारखे काही नसते आणि तो सहसा गंजतही नाही. धुण्याच्या कसोटीवर मी त्यालाच वरचे स्थान देईन. मात्र त्याचा रोध जास्त असतो, त्यावर साधे सोल्डर (जोड देण्यासाठी वितळवून लावायचा मिश्रधातू) धरत नाही, आणि त्याची बाहेर आलेली तुसे शेजारच्या वाटेला टेकली तर शॉर्ट सर्किट होते.

एनॅमल (वीजरोधक लेप) चढवलेल्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध सर्वांत कमी, पण वारंवार वाकून ती तुटते. पॉलिएस्टरच्या गाभ्याभोवती सर्पिल गुंडाळल्यास ती बरीच अधिक टिकते.

आता प्रत्यक्ष गरज पाहू. ५० ओहम रोधाच्या वाटेतून २० मिलिअँपिअर प्रवाह नेला, तर १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, म्हणजे ३ व्होल्टच्या सेलचा एक तृतीयांश दाब गेला. तिथे तांबेच हवे. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या पट्ट्यात प्रवाह इतका नगण्य असतो की तेवढ्या रोधाने काही बिघडत नाही. तिथे त्वचेला मऊ लागणारी चांदी घ्यावी आणि पट्टा सौम्य साबणाने हाताने धुवावा. ऊब देणाऱ्या कपड्यात तर रोध हवाच असतो, म्हणून तिथे स्टील.

धागा कोणताही घेतला, तरी तो बहुधा तुटतो कडक घटकाला जिथे जोडला आहे तिथेच. म्हणून आयएसओ ६३३० या कापड-धुलाईच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे धुण्याची चाचणी घेताना सुटा धागा न धुता जोडासकट तयार तुकडा धुवावा, आणि दर धुण्यानंतर जोडाचा रोध वेगळा नोंदवावा.