किटकॅट फ्यूज, एमसीबी की आरसीसीबी? घरात काय आणि मोटरला काय

बेळगाव-खानापूरकडे जुन्या घराचं वायरिंग नव्यानं करताना हा प्रश्न हटकून येतो. किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार बदलायचा जुना फ्यूज) काढायचा हे ठरलेलं असतं, पण त्याच्या जागी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बसवला की काम झालं असं समजलं जातं. ते तसं नाही.

फ्यूज मुळात वाईट नाही. तो उडाल्यावर हाताला लागेल ती जाड तार पिळून बसवली जाते, तिथे घात होतो. मग आधी भिंतीतली वायर जळते. एमसीबीत ही पळवाट नाही. ओव्हरलोड झाला की आतली बायमेटलची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो, शॉर्ट सर्किटला कॉइल तो क्षणात पाडते. 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअरला तासभर पडत नाही, तो बिघाड नव्हे. 23 च्या वर मात्र तासाभरात पडलाच पाहिजे. रेटिंग वायर बघून ठरवा: 1.5 चौरस मिलिमीटरला 10, 2.5 ला 16. सारखा पडतो म्हणून 32 चा बसवणं म्हणजे पुन्हा जाड तारच.

आता खानापूरचा पाऊस आणि ओल्या भिंती धरा. गीझरच्या बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंगचा रोध 20 ओहम असेल, तर जमिनीत जाणारा करंट साडेअकरा अँपिअर. 16 चा एमसीबी त्याला नेहमीचा लोड समजून गप्प राहतो आणि नळाला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. इथे आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका, कामाला येतो. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो, फरक दिसला की पडतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीलाही पडतो. पण ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट त्याचं काम नाही, म्हणून एमसीबी सोबत हवाच. पेटीत जागा नसेल तर दोन्ही कामं करणारा आरसीबीओ घ्या. खर्च बेताचा असेल तर निदान गीझर आणि बाथरूमच्या सर्किटला तरी तो लावाच.

आरसीसीबी विनाकारण पडतो ही तक्रार बहुतेकदा न्यूट्रलची असते. इन्व्हर्टरचा किंवा दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल त्याच्या पुढे जोडला गेलेला असतो. तो सोडवा, आरसीसीबी काढू नका. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

दूधगंगा-वेदगंगेकाठच्या पंपांचा हिशोब वेगळा. 5 एचपीची थ्री-फेज मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना सहापट, म्हणजे 45. बी-10 (10 अँपिअरचा, बी प्रकारचा) एमसीबी 30 ते 50 अँपिअरमध्येच क्षणात पडतो, म्हणून तो बटण दाबताच पडू शकतो. सी प्रकारच्या सी-16 ला क्षणात पडायला 80 ते 160 लागतात, तो धरतो. मात्र एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर साधारण 13 अँपिअर येतात. सी-16 पडत नाही, वाइंडिंग जळतं. मोटर वाचवतो तो स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट घेऊ लागली की ती बंद करणारा), आणि सोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा). रिले मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरच लावा. तो सारखा पडतो म्हणून कुणी 10 वर नेऊन ठेवला असेल, तर आधी क्लॅम्प मीटरनं (वायरभोवती धरून करंट मोजणारं मीटर) तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या.