क्रोन्सच्या मुलाला आधी काय: पोषण-दूध की स्टेरॉइड?

क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान पक्कं झालं, आतड्याचा टीबी नाही याचीही खात्री झाली, की ठरवायचं असतं: सहा ते आठ आठवडे फक्त डब्यातलं पोषण-दूध, की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड?

सूज उतरवण्यात दोन्ही तोडीस तोड. पण आतड्याचं अस्तर भरून येण्यात आणि वाढीत पोषण-दूध सरस. आमचा कौल त्यालाच. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, उंची खुंटते, आणि ते एकदम थांबवणं धोक्याचं. गोळी घेणं सोपं, एवढंच. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या सुजेचा वेगळा आजार) मात्र पोषण-दूध चालत नाही.

गंमत म्हणजे या दुधाने आतड्यातल्या जंतूंची विविधता उलट घटते, तरी सूज ओसरते. ‘चांगले जंतू वाढवा’ इतकं हे सरळ नाही.

खरी कसोटी घरात. पेज नाही, माशाचं सार नाही, गणपतीत समोर वाफाळता मोदक आला तरी नाही. पिववत नसेल तर नाकातून नळी. फार खंगलेल्या मुलाला सुरुवात थोडक्याने, रक्तातलं फॉस्फेट तपासत; एकदम भरपूर दिलं तर ते धोकादायक घसरू शकतं. कोकणच्या पावसाळी दमट हवेत पावडरीचे खडे होतात: चमचा कोरडा, झाकण घट्ट, कालवलेलं दूध फ्रिजमध्ये. लाइट गेली तर ताजं कालवा.