घरचा हिशोब की बाजाराची हवा?

मंदीच्या बातम्या ऐकून घरकर्ज लांबणीवर टाकावं, की स्वतःची हिशोबाची वही बघून पुढे जावं, असं मैत्रिणीनं विचारलं. तिच्या वहीत सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढलेला होता.

ताजेपणात वहीच सरस. शिल्लक आज रात्री मोजता येते. जीडीपीचा, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचा, तिमाही आकडा काही आठवड्यांनी येतो, नंतर बदलतोही. महागाईचा दरही सरासरी, आपल्या पिशवीचा नव्हे.

आणि बाजाराच्या हवेवर किती विसंबायचं? अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या २०२१ च्या पाहणीत ७८ टक्के लोकांनी स्वतःचं ठीक चाललंय असं सांगितलं. देशाची अर्थव्यवस्था चांगली म्हणणारे २४ टक्केच.

मात्र वहीत उद्याची नोकरकपात दिसत नाही.

खर्च, बचत, हप्ता ठरवताना वही धरा. नोकरी सोडताना किंवा बदलत्या व्याजाचं कर्ज घेताना बातम्याही वाचा.